तांबट आळी म्हणजे नुसता ‘फोटो पॉइंट’ नव्हे : माहितीफलक लावणाऱ्यांना खुलं पत्र

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकात माहितीफलक लावण्याचं काम ज्यांच्या हाती असेल त्या सर्व अधिकारी, सल्लागार आणि मजकूर लिहिणाऱ्या मंडळींस,

स. न. वि. वि.

महिन्याभरापूर्वी अशाच कुठल्याशा कामासाठी एक मुलगा आमच्या दुकानात आला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, उन्हानं चेहरा लाल. भांडी बाजारातलं आमचं दुकान अंधारं असलं तरी थंड आहे. त्याला बसवलं, पाणी दिलं. त्यानं यादी दाखवली : रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, नारोशंकर, सुंदरनारायण, सरकारवाडा, पांडवलेणी. मग म्हणाला, “काका, या भागात आणखी काही लिहिण्यासारखं आहे का?”

विचारलं ही त्याची चूकच झाली. मी चहा मागवला आणि पाऊण तास बोललो. तो मान डोलवत होता, बोट फिरवत होता. उठायला लागला तेव्हा म्हटलं, काय टिपलंस ते दाखव तरी. त्यानं टॅब पुढे केला. ओळ एकच होती : ‘तांबट आळी – फोटो पॉइंट.’

मुलगा गुणी होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला रकानाच तेवढा दिला असणार. हे पत्र रकाना आखणाऱ्यांसाठी.

ती यादी पुन्हा बघा. सीतागुंफेपासून सुरुवात, पांडवलेण्यांतले सातवाहन, मग एकदम पेशवाई. सुंदरनारायण १७५६ चं, नारोशंकर १७४७ चं, काळारामाचं काम पुरं झालं तेही अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यानंतर पडदा पडतो आणि उघडतो तो २१ डिसेंबर १९०९ ला, विजयानंद थिएटरात, अनंत कान्हेऱ्यांच्या पिस्तुलाच्या आवाजानं. मधली नव्वद वर्षं नाशिक झोपलं होतं काय? १८१८ ला इंग्रज आले आणि आमच्या पणजोबा-खापरपणजोबांनी भांडी ठोकणं बंद करून टाकलं?

आज जे शहर आपण वापरतो त्याचा सांगाडा त्याच नव्वद वर्षांत उभा राहिला. सार्वजनिक वाचनालय १८४० चं. आम्ही त्याला ‘सावाना’ म्हणतो. नगरपालिका १८६४ ची. जिल्हा म्हणून नाशिकला वेगळं अंग फुटलं १८६९ साली, तोवर आपण नगर आणि खानदेश यांच्यात वाटलेले. न्यायमूर्ती रानडे आपल्या निफाडचे, जन्म १८४२ चा, आणि १८७८ मध्ये ते न्यायाधीश म्हणून नाशिकलाच बदलून आले. देवळालीची छावणीही त्याच काळातली. मायदेशी परतायच्या बोटीची वाट बघत तिथं पडून राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत आजही वेड लागलेल्याला ‘डुलाली’ म्हणतात. आपल्या जिल्ह्यानं इंग्रजी भाषेला दिलेला शब्द हा असा. यावर फलक लावा असं म्हणत नाही, पण गाइड लोकांना सांगून ठेवायला हरकत नाही, पर्यटक हसतील.

रेल्वेचं बघा. १८६० च्या दशकात जी.आय.पी.ची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, गाडी आली, पण गावात शिरली नाही. गाव नदीकाठी आणि स्टेशन पाच मैल लांब. बाहेरून येणारा भाविक आजही नाशिकरोडला उतरतो आणि विचारतो, “नाशिक कुठंय?” हा फेरा १८८९ च्या सुमारास ट्रामनं सोडवला. अडीच फुटी रूळ, सुरुवातीला ओढायला चार घोडे, आणि सल्लागार इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यानं पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली. मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून ट्राम निघायची आणि थेट स्टेशनावर पोचायची. मध्ये सगळं रान. आमचे आजोबा लहानपणी त्यात बसलेले. भांड्यांचं गाठोडं घेऊन चढलं की कंडक्टर कुरकुरायचा, असं सांगायचे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. आता मेट्रोच्या गप्पा ऐकताना मेनरोडवर उभ्या असलेल्या एकाही पोराला ठाऊक नसतं की आपण टर्मिनसवर उभे आहोत. एक फलक इथं हवा. इमारत जागेवर आहे, भिंत आहे, खर्च दोन खिळ्यांचा.

आणि आता शरणपूर. यावर मी जरा थांबणार आहे.

शरणपूर रोडवरून आपण रोज जाता. दवाखाने, बँका, कपड्यांची दुकानं, सिग्नल. नावाचा अर्थ कुणी विचारत नाही. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्यानं गावाबाहेर एक ख्रिस्ती वस्ती वसवली, तिचं हे नाव. शरण आलेल्यांचं गाव. त्या काळात अरबी समुद्रातून आफ्रिकी गुलामांनी भरलेली गलबतं जात, इंग्रजी आरमार ती पकडे. सोडवलेली पोरं मुंबईच्या धक्क्यावर उतरवायची आणि मग त्यांचं करायचं काय, हा प्रश्न. त्यातली बरीच शरणपूरला आली. आईबाप कुठं, गाव कुठं, काही पत्ता नसलेली ही पोरं इथं गोदावरीकाठी लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम शिकली, लोहारकाम शिकली.

स्कॉटिश प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये आफ्रिकेतल्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्यानं नऊ जण शरणपूरच्या शाळेतले घेतले. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटलंय. पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीला आणखी काही जण गेले, त्यांत जेकब वेनराइट नावाचा तरुण होता. १ मे १८७३ च्या पहाटे, आज झांबियात असलेल्या एका खेड्यात, लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली जेकबनं, आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली तीही जेकबनं. मग उरलेला देह उन्हात वाळवून, झाडाच्या सालीत नि कापडात गुंडाळून, त्या लोकांनी हजार मैलांहून जास्त वाट तुडवली आणि तो समुद्रापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशकात शिकलेला जेकब होता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या ओट्यावर बसून भांड्यांवर नावं घालणारे एक म्हातारबुवा डोळ्यांसमोर आले. बारीक छिन्नी, बारीक हातोडी, टिक टिक टिक असा आवाज, आणि पितळेवर अक्षर उमटत जायचं. ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ घालताना ते कधी मान वर करायचे नाहीत. त्या जंगलात, धन्याचं प्रेत शेजारी असताना, जेकब खोडावर अक्षरं कोरत होता तेव्हा त्याचाही हात असाच चालला असेल. हात शिकला कुठं? शरणपुरात.

ती वस्ती फार दिवस टिकली नाही. १८७४-७५ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसलं. ते वसवायला गेले खुद्द प्राइस आणि त्यांच्या मागोमाग नाशिकची बरीच मंडळी. फ्रिअर म्हणजे मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर. मोंबासाच्या इतिहासात नाशिक आहे. नाशिकच्या फलकांवर मोंबासा नाही. शरणपूर रोडवर एक दगड लावा. चार ओळींचा. जगभरातून लोक येणार आहेत म्हणता ना, त्यांतल्या एखाद्या आफ्रिकी माणसाला आपलं माणूस इथं भेटू द्या.

१८७२ चीच आणखी एक वस्तू माझ्या दुकानात आहे. तीसेक वर्षांपूर्वी एका बाईंनी घरातली जुनी भांडी मोडीत घालायला आणली. वजन करताना त्यात तांब्याचा एक गडू निघाला. गडू म्हणजे गंगेचं पाणी भरून, तोंड झाळून (डाग देऊन बंद करून) गावी न्यायचा तो. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. नाशिककर ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणाला तर वाराणसीचं तिकीट शोधू नये.) चिंच लावून घासला तर बुडाशी अक्षरं : ‘शके १७९४ सिंव्हस्थ’. ‘व्ह’सकट. म्हणजे १८७२-७३. कुणीतरी त्या सिंहस्थात हा गडू घेतला, पाणी भरून घरी नेला, कधीतरी तो फुटला, पाणी संपलं आणि सव्वाशे वर्षांनी रिकामा गडू जिथं घडला त्याच बाजारात परत आला. मी तो वितळवला नाही. बाईंना मोडीचे पैसे दिले आणि गडू फळीवर ठेवला. गिऱ्हाईकं किंमत विचारतात, मी नाही म्हणतो.

नाशिकचं तांब्या-पितळेचं काम तेव्हा लांबवर जात होतं. १८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटिअरात आमच्या धंद्याची नोंद आहे. हंडे, घंगाळं, कळशा, बंब, ताम्हण-पळी-पंचपात्र. यात्रेकरूनं परत जाताना नाशिकहून एखादं भांडं न्यायचं हा रिवाजच होता. आज आळीत मठाराचा, म्हणजे भांडं ठोकून घडवण्याचा, ठोका फार कमी घरांतून ऐकू येतो. आम्हीसुद्धा निम्मं दुकान स्टीलला दिलं, खोटं कशाला बोलू. पण भाविक अजून गडू मागतो, आणि अजून विचारतो, “झाळून मिळेल ना?” फोटो पॉइंटला कुणी काही झाळून मागत नाही.

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या हा दुसरा ठेवा. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये लाल कापडात बांधलेली वही काढतात आणि तुमचे आजोबा-पणजोबा कुठल्या साली आले, बरोबर कोण होतं, ते वाचून दाखवतात. जुनी पानं मोडी लिपीत लिहिलेली. ती वाचणारे डोळे कमी होत चाललेत. वह्या त्या त्या घरांच्या मालकीच्या आहेत, त्यांच्यावर हक्क सांगू नका, त्यांचं ‘डिजिटल दालन’ वगैरे करण्याआधी त्या घरांना विचारा. फक्त फलकावर एवढं लिहा की ही सोय इथं आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, इथं फक्त अस्थी विसर्जन होतं.

पुलाबद्दल दोन वाक्यं. ज्याला आपण अहिल्यादेवी होळकर पूल म्हणतो तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला, मूळ नाव व्हिक्टोरिया. पुराच्या दिवशी अर्धं नाशिक त्यावर उभं राहून नदीपात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघतं. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, ही आमची पूरमापन पद्धत आहे आणि कुठल्याही ॲपपेक्षा लवकर गावभर होते.

आता जे फलकाचं नाही, रस्त्याचं आहे, ते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी सांगतो. नाशकात धुळवडीला रंग खेळत नाहीत. त्या दिवशी वीर निघतात. घरातल्या देवाचे टाक खोबऱ्याच्या वाटीत घेऊन, लहान पोरांना देवांचे वेष चढवून, वाजतगाजत गंगेवर न्यायचे, न्हाऊ घालायचे. दाजीबा वीर बाशिंग बांधून निघतो, त्याच्या वाटेवर बायका आरतीचं ताट घेऊन ताटकळतात. रंग खेळायचा तो रंगपंचमीला, आणि तो रहाडीत.

रहाड म्हणजे चौकाच्या मधोमध जमिनीत बांधलेला दगडी हौद. पेशवाईपासूनचा. वर्षभर त्यावर लाकडं, माती आणि रस्ता. त्यावरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या लागतात, आणि खाली तो असतो. रंगपंचमीच्या आधी तो उकरायचा. मी पोरसवदा असल्यापासून जुन्या नाशकातल्या तिवंधा चौकात बघतोय. आधी पहारीचा आवाज बदलतो. माती संपून लाकूड लागलं की ठक्‌ होतं. ओंडके निघाले की आतून वर्षभर कोंडलेला गार, ओलसर वास येतो. मग गाळ काढायचा, दगड धुवायचे. फुलं उकळून रंग करायचा, मोठ्या कढयांत. तो ओतला की पूजा होते, मानकरी पहिला उतरतो आणि मग सुरू होतात धप्पे. धप्पा म्हणजे अशी उडी की काठावरचे सगळे रंगून निघाले पाहिजेत. तिवंध्याचा रंग पिवळा, शनि चौकाचा गुलाबी, दिल्ली दरवाजाचा केशरी. अंगावरचा रंग बघून पोरगं कुठं उडी मारून आलं ते आई ओळखते. रहाडीत धप्पा मारला की उन्हाळा बाधत नाही म्हणतात. मला बाधतो, तरी मी सांगताना तेच सांगतो.

रहाडी पूर्वी याहून बऱ्याच होत्या. काही रस्त्याखाली गेल्या त्या गेल्याच. पुरल्या, म्हातारी माणसं गेली, जागा कुणाला आठवेना. मध्यंतरी आमच्या भागात रस्त्यांची कामं झाली. काम कुणाचं, टेंडर कुणाचं, त्यात मी शिरत नाही. जुना थर न काढता त्यावर नवा थर, त्यावर आणखी एक. आमच्या दुकानाला रस्त्यावरून तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या, आता एक उतरावी लागते आणि पावसाळ्यात पाणी न विचारता आत येतं. तेच रहाडीचं. दर थरानिशी ती खोल जाते. पहार काँक्रीटला लागली की ठक्‌ नाही, ठण्ण होतं, आणि ठिणगी उडते. तेव्हा सिंहस्थाच्या निमित्तानं गावठाणातल्या गल्ल्या पुन्हा गुळगुळीत करायच्या असतील, तर आधी जुना थर खरवडा आणि ज्या रहाडींची जागा माहीत आहे तिथं मधल्या भागात काँक्रीट ओतू नका. फरशी बसवा, दगड बसवा, जे उचलता येईल ते.

रथाचंही तसंच. चैत्रातल्या कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. रामरथ गंगा ओलांडत नाही. गरुडरथ ओलांडतो आणि दहीपुलाकडून जुन्या नाशकात शिरतो. मानकरी रथाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालतात, अख्खी वाट. त्या माणसाच्या पायाखाली काय येतं ते त्याला दिसत नसतं. गटाराचं वर आलेलं झाकण, अर्धवट बसवलेला पेव्हर ब्लॉक, केबलचं वेटोळं. बाजूचे लोक कुजबुजत सांगत जातात, “डावीकडं खड्डा, जपून.” पाहणीला येणाऱ्या साहेबांनी एकदा ती वाट उलटं चालून बघावी. गंमत म्हणून नव्हे, खरंच.

रथाच्या फलकावर एक ओळ मात्र टाळू नका. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच एप्रिलमध्ये, रथाच्याच दिवशी, स्पृश्य-अस्पृश्यांनी मिळून रथ ओढायचं ठरलं होतं. ठरलेलं मोडलं गेलं आणि सत्याग्रहींवर दगड पडले. आमच्याच गल्ल्यांमधली माणसं होती ती, दगड मारणारी. आम्ही रथाला हात लावतो तेव्हा हेही त्या दोरावर असतं. परंपरा लिहायची तर सगळी लिहा. ‘हर्षोल्हासात साजरी होते’ एवढंच लिहिणार असाल, तर फलक कोराच ठेवा.

तेव्हा मागणं थोडकं आहे. मेनरोडला ट्राम, शरणपूरला जेकब, रामकुंडाला वह्या. ‘सावाना’च्या दारावर १८४० हा आकडा, रस्त्यावरून वाचता येईल एवढा मोठा. गल्लीच्या तोंडाशी पाटी लावाल तिथं जुनं नाव आधी : तिवंधा, डिंगर आळी, म्हसरूळ टेक, तांबट आळी. आणि मजकूर प्रेसला द्यायच्या आधी एकदा त्या गल्लीत येऊन मोठ्यानं वाचून दाखवा. चुका काढायला आमच्याकडे माणसं भरपूर आहेत, कामं कमी आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
भांडी बाजारातला एक दुकानदार

ता. क. : रहाडीच्या फलकाचा एक मसुदा माझ्या पाहण्यात आला, कुणी केला ते माहीत नाही. त्यात ‘प्राचीन रंगकुंड’ असं लिहिलं होतं. कृपया ‘रहाड’ लिहा. आणि तो टॅबवाला मुलगा परत आला तर त्याला रंगपंचमीला पाठवा, जुने कपडे घालून.